शेतकरी जोडपं, लेकीचं बाळंतपण आणि नाकारलेला शेंगेन व्हिसा : एका फाईलचा अभ्यास

वाळवा तालुक्यातलं एक शेतकरी जोडपं. काका 61 वर्षांचे, काकू 57 च्या. ऊस, दोन म्हशी, एक जर्सी गाय. थोरली लेक आणि जावई दोघंही जर्मनीत, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात नोकरीला. लेकीला दिवस गेले, तारीख 6 ऑक्टोबर 2025 ची मिळाली. शेवटच्या महिन्यांत एवढा विमानप्रवास करून माहेरी येणं शक्य नव्हतं, म्हणून आई-वडिलांनीच तिकडं जायचं ठरलं. जुलैमध्ये दोघांचाही शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत थोड्या दिवसांसाठी चालणारा सामायिक व्हिसा, नाकारला गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांनाही तो मिळाला. मधल्या काळात त्यांची जमीन वाढली नाही, उत्पन्न वाढलं नाही, कुणाची ओळखही लागली नाही. कागद तेवढे नव्यानं मांडले गेले. ते कसे मांडले, हे सविस्तर लिहायचं कारण एकच. आपल्या भागातली शेकडो घरं आज याच टप्प्यावर आहेत, आणि त्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा पहिल्या फाईलसारखाच असतो.

मी सांगली जिल्ह्यात कर सल्लागार म्हणून काम करते. व्हिसा हा माझा धंदा नाही. काका माझ्याकडं आले ते एका विवरणपत्रामुळं. ओळख पटेल असे तपशील गाळून, दोघांच्या संमतीनं हे लिहिते आहे.

पहिली फाईल

ही फाईल एका एजंटानं तयार केली होती. त्याचा पहिला सल्ला असा : "बाळंतपणाचं नाव काढायचं नाही. काढलं की नाकारतात. टूरिस्ट म्हणून टाकू." काकांना ते पटलं नव्हतं, पण समोरचा माणूस रोज हेच काम करतो म्हटल्यावर ते गप्प बसले.

मग टूरिस्टची फाईल उभी राहिली. दोघांचे प्रत्येकी 85 दिवस. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली असा दौरा, आणि प्रत्येक मुक्कामाचं हॉटेल बुकिंग, तेही पैसे न भरता रद्द करता येणारं. सर्वांत जास्त रात्री जर्मनीत दाखवल्या, म्हणून अर्ज जर्मनीकडं. लेकीचा पत्ता अख्ख्या फाईलमध्ये कुठंही नव्हता.

काकांच्या जिल्हा बँकेच्या खात्यात चाळीस-पंचेचाळीस हजार होते. ते कमी दिसतील म्हणून भाच्याकडून पाच लाख आणून अर्जाच्या आठवडाभर आधी भरले. एप्रिल ते जूनचा उतारा जोडला. त्यात तीन महिने सगळं शांत आणि शेवटी एकदम पाच लाख.

सगळ्यात वाईट गोष्ट विवरणपत्राची. काकांनी आयुष्यात कधी आयकर विवरणपत्र भरलं नव्हतं आणि भरायची गरजही नव्हती. शेतीचं उत्पन्न 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(1) खाली करमुक्त आहे. पण "आयटीआर लागतोच" म्हणून घाईघाईनं एक विवरणपत्र भरलं गेलं, त्यात किरकोळ व्यापाराचा धंदा आणि चार लाख ऐंशी हजारांचं उत्पन्न दाखवलं. व्हिसाच्या अर्जात मात्र व्यवसायाच्या रकान्यात "शेतकरी". काकूंच्या अर्जात "गृहिणी, उत्पन्न नाही".

नकारपत्र

शेंगेन व्हिसा नाकारताना एक ठरलेला छापील नमुना देतात. सगळ्या सदस्य देशांचा नमुना एकच, कारण 2009 सालची व्हिसा संहिताच सगळ्यांना एक आहे. त्यात कारणांची यादी असते आणि लागू असलेल्या कारणापुढं खूण. काकांच्या आणि काकूंच्या, दोन्ही पत्रांवर दोन खुणा होत्या. एक : प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाच्या अटी यांचं समर्थन दिलेलं नाही. दोन : व्हिसा संपण्यापूर्वी परत जाण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल रास्त शंका आहे.

दुसरी खूण काकांच्या जिव्हारी लागली. "ताई, मी काय तिकडं राहायला चाललोय व्हय? माझा ऊस कोण तोडणार?"

हा प्रश्न त्यांनी माझ्या टेबलासमोर बसून विचारला, आणि त्याचं उत्तर पहिल्या फाईलच्या एकाही पानावर नव्हतं. पुढचं सगळं काम याच प्रश्नातून निघालं.

पूर्वी जर्मनीच्या बाबतीत नकारानंतर महिन्याभरात फेरविचाराचा अर्ज करता यायचा. नुसतं पत्र लिहून, आणखी कागद जोडून वकिलातीलाच पुन्हा पाहायला सांगता यायचं. 1 जुलै 2025 पासून जर्मनीनं ही सोय जगभरच बंद केली. आता दोनच वाटा राहतात : बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, नाहीतर नवा अर्ज. ऑक्टोबरच्या बाळंतपणासाठी न्यायालयाची वाट कुणी धरणार नाही. नव्या अर्जाला बंदी नसते, आणि आधीच्या नकारामुळं नवा अर्ज आपोआप नाकारला जाऊ नये असं संहितेतच म्हटलेलं आहे. पण नकाराची नोंद शेंगेनच्या सामायिक व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षं राहते आणि सगळ्या सदस्य देशांना दिसते. त्यामुळं एजंटाचा पुढचा सल्ला, "आता फ्रान्सचा टाकून बघू", आम्ही तिथंच थांबवला. लेक जर्मनीत आणि अर्ज फ्रान्सकडं, ही पहिल्या चुकीवर दुसरी चूक झाली असती.

अधिकाऱ्याच्या टेबलावरून

मी ती फाईल अनोळखी माणसाची म्हणून वाचली. अधिकाऱ्याला तीन गोष्टी ठरवायच्या असतात : हा माणूस का येतो आहे, इथं कशावर राहणार आहे, आणि परत जाणार का. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रातले लोक कागद मोजून घेतात, बोटांचे ठसे घेतात. निर्णयाशी त्यांचा संबंध नसतो. निर्णय घेणारा माणूस काकांना कधी भेटत नाही. त्याच्यापुढं कागद असतात आणि नियमानं साधारण 15 दिवसांची मुदत, जी गरज पडल्यास 45 पर्यंत वाढते.

आता त्या कागदांवरून दिसतं काय? परदेशी कधीही न गेलेलं एक जोडपं पहिल्याच फेरीत 85 दिवस चार देश हिंडणार आहे. हॉटेलात राहणार आहे. जर्मनी इतर पुरावा नसेल तेव्हा माणशी दिवसाला 45 युरो धरते. दोघांचे मिळून 170 दिवस, म्हणजे 7,650 युरो. त्या वेळच्या दरानं साडेसात लाखांच्या वर. खात्यात पाच लाख, तेही परवा आलेले. धंदा एका कागदावर शेती, दुसऱ्यावर व्यापार. मागं काय सोडून जात आहेत याचा पुरावा म्हणून सातबाऱ्याची एक झेरॉक्स, मराठीत, भाषांतर नाही, वर तीन भावांची नावं. कोणता तुकडा यांचा, हेही कळायची सोय नाही.

मला त्या अधिकाऱ्याचा राग आला नाही. एजंटाचा आला. कारण खरी हकीकत, म्हणजे आई लेकीच्या बाळंतपणाला जाते आहे, ही कुणालाही समजणारी आणि शेंगेनच्या नियमांत पूर्णपणे बसणारी आहे. कुटुंबाला भेट देणं हा अर्जातला स्वतंत्र हेतू आहे. एजंटानं मजबूत हेतू झाकून ठेवला आणि कमकुवत हेतू पुढं केला.

काकूंचं उत्पन्न

सगळ्यात अवघड गाठ काकूंची होती. मुक्काम त्यांचा जास्त असणार, आणि कागदावर त्यांच्या नावानं काहीच नाही. जमीन नाही, पगार नाही. "गृहिणी, उत्पन्न नाही" हे वाक्य ज्या बाईबद्दल लिहिलं होतं ती पहाटे पाचला धार काढते.

मी विचारलं, दुधाचं बिल कुणाच्या नावावर येतं? काकू म्हणाल्या, "माझ्याच. पण ते कुठं उत्पन्न म्हणायचं? त्यात घरच भागतंय."

गावच्या दूध संस्थेच्या त्या सभासद आहेत, स्वतःच्या नावानं. दर दहा दिवसांनी बिल त्यांच्या बँक खात्यात जमा होतं. वर्षभर, खाडा नाही. पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी, पण दहा दिवसांनी नक्की. पगारदार माणसाच्या खात्यात महिन्याला एक नोंद असते, काकूंच्या खात्यात तीन. ते पासबुक पहिल्या फाईलमध्ये जोडलंच नव्हतं, कारण शिल्लक नऊ हजार होती.

शिल्लक आणि आवक यांतला हा फरक मी माझ्या धंद्यात रोज पाहते. खात्यात किती पडून आहे यापेक्षा किती नियमानं येतं आणि कशावर खर्च होतं, यावरून घर उभं आहे की नाही ते कळतं. काकूंच्या खात्यात दूध बिल येत होतं. पशुखाद्य, किराणा, धाकट्या मुलाची फी जात होती. अशा खात्यात पाच लाख ओतले असते तर त्या खात्याचा खरेपणाच गेला असता.

शिवाय त्या बचत गटाच्या सचिव. गटाचं इतिवृत्त त्यांच्या हस्ताक्षरात, बँकेत सही त्यांची. गटानं घेतलेलं कर्ज अजून फिटायचं होतं. गटाच्या अध्यक्षांनी पत्र दिलं : सचिव अमुक तारखेपर्यंत परगावी आहेत, तोवर काम अमुक पाहतील, डिसेंबरच्या बैठकीपासून पुन्हा त्याच पाहतील. दूध संस्थेनं सभासदत्वाचा दाखला आणि बारा महिन्यांच्या बिलांचा गोषवारा दिला. नव्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं : दुग्धव्यवसाय, स्वतःचा. काकूंनी ते दोनदा वाचून घेतलं.

ऊस, तारखा आणि परत येणं

काकांच्या बाजूला पुरावा भरपूर होता, पण विखुरलेला. सामाईक खात्यात तिघा भावांची मिळून 3 हेक्टर 60 आर जमीन. वाटणी तोंडी, वर्षानुवर्षांची, कधी वाद नाही. सरकारी वाटप करून घ्यायला वेळ नव्हता आणि खोटं स्वतंत्र खातं दाखवायचं नव्हतं. म्हणून सातबारा आणि आठ-अ आहे तसाच ठेवला, सोबत दोन्ही भावांचं प्रतिज्ञापत्र : यातली साधारण 1 हेक्टर 20 आर जमीन हे भाऊ कसतात, आणि त्यांच्या गैरहजेरीत पाणी-पाळी आम्ही आणि त्यांचा मुलगा पाहू. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर, आणि वर एका परिच्छेदात सातबारा म्हणजे काय, सामाईक खातं म्हणजे काय, हे सरळ सांगितलं. गाव नमुन्याची रचना परक्या माणसाला ठाऊक असेल हे गृहीत धरण्यात काही अर्थ नाही.

बँकेचा उतारा बारा महिन्यांचा घेतला. शेतकऱ्याचा एप्रिल ते जूनचा उतारा हा त्याच्या वर्षातला सगळ्यात कोरडा तुकडा. काकांचा ऊस गेल्या हंगामात जानेवारीअखेर गेला. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्यानं 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यायची असते. त्यांचं बिल फेब्रुवारीत जमा झालं होतं. त्यातून विकास सोसायटीचं पीक कर्ज कापलं गेलं, उरलेल्यातून घर, खत, लेकीकडं पाठवायचं सामान. जूनपर्यंत चाळीस हजार उरले, यात लपवण्यासारखं काही नाही. बारा महिने एकत्र पाहिले की त्या खात्याला एक चाल दिसते. कारखान्याचं बिल, सोसायटीचा बेबाकी, म्हणजे कर्ज फिटल्याचा, दाखला आणि बँकेची नोंद असे तीन वेगळे कागद एकच रक्कम सांगत होते. भाच्याचे पाच लाख परत केले, आणि ती नोंदही उताऱ्यात राहू दिली.

विवरणपत्र दुरुस्त करायला कायदा वाट ठेवतो. कलम 139(5) खाली सुधारित विवरणपत्र भरलं, शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवलं, न केलेला धंदा काढून टाकला. पाच हजारांपेक्षा जास्त शेती उत्पन्न असेल तर साधा पहिला नमुना चालत नाही, दुसरा भरावा लागतो; एजंटाला हे माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. शेतकऱ्याला व्हिसासाठी व्यापारी बनवणं हा माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला सगळ्यात गंभीर भाग होता. व्हिसा नाकारला तर पुन्हा मागता येतो. खोट्या विवरणपत्राखाली आपली सही असते, आणि एजंट तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेलेला असतो.

मग आम्ही तारखांना हात घातला, आणि तिथं फाईल खऱ्या अर्थानं बदलली. पहिल्या अर्जात दोघांचे 85 दिवस होते, कारण 180 दिवसांत 90 पर्यंत राहता येतं, मग कमी कशाला मागायचं असा हिशेब. मी काकांना विचारलं, तुम्ही खरंच 85 दिवस राहणार होता का?

"छे! नोव्हेंबरात कारखाना सुरू होणार. चिटबॉय कधी सांगंल तोड आली म्हणून, काय नेम? मी दिवाळी झाली की परत. ही राहील."

हेच तर लिहायचं होतं. जुलै 2024 ची आडसाली लागण, दोन एकर, वाण को 86032. कारखान्याकडच्या ऊस नोंदीच्या पावतीवर लागणीची तारीख, वाण, क्षेत्र सगळं छापलेलं असतं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांचा, म्हणजे तोड नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. गाळप 1 नोव्हेंबरपासून. काकांनी दसरा घरी करायचा, 4 ऑक्टोबरला निघायचं, नातवंडाचं तोंड बघायचं, दिवाळी लेकीकडं, आणि 29 ला परत. 26 दिवस. नोंदीची पावती आणि परतीची तारीख शेजारी शेजारी ठेवली की हा माणूस का परतणार याचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. शेतकऱ्याइतकं जागेला बांधलेलं माणूस दुसरं नसेल. पगारदाराला रजा वाढवून मिळते, उसाला ती देता येत नाही.

काकूंच्या तारखा जर्मनीतल्या कायद्यावरून निघाल्या. तिथं बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे आईला कामापासून संरक्षण असतं. जावयानं पालकत्व रजा 8 डिसेंबरपासून मंजूर करून घेतली होती. तोवर त्याला कामावर जावं लागणार. म्हणजे लेकीला घरात माणूस हवं ते बाळंतपणाच्या थोडं आधीपासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. काकू 20 सप्टेंबरला जाणार, 10 डिसेंबरला परत. 82 दिवस. जावयाच्या कंपनीचं रजेचं पत्र जोडलं. आता 82 हा आकडा "जास्तीत जास्त किती मिळतील" यातून आलेला नव्हता, आणि ते वाचणाऱ्याला दिसत होतं.

जर्मनीकडचे कागद

लेकीचं साधं निमंत्रणपत्र होतंच. त्यापेक्षा वजनदार कागद म्हणजे तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन करायचं औपचारिक हमीपत्र, फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. तिथले मराठी लोक त्याला "व्हीई" म्हणतात. पाहुण्याचा राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा, वेळ आली तर परत पाठवण्याचा खर्च मी देईन अशी ती कायदेशीर जबाबदारी आहे, जर्मन निवास कायद्याच्या कलम 66 ते 68 खालची, आणि ती सहज झटकता येत नाही. फी 29 युरो. पगाराच्या पावत्या, घराचा भाडेकरार दाखवावा लागतो, आणि कार्यालय त्यावर पत सिद्ध झाली की नुसती पटण्याजोगी आहे याची नोंद करतं. "सिद्ध झाली" अशी नोंद असेल तर खर्चाचा प्रश्न जवळपास मिटतो. जावयानं ते केलं, मूळ प्रत कुरिअरनं पाठवली. मूळच लागते, स्कॅन चालत नाही. हे हमीपत्र सहा महिन्यांच्या आत वापरायचं असतं, म्हणून फार आधी करून ठेवण्यात फायदा नाही.

हा एक कागद पहिल्या वेळी असता तर भाच्याचे पाच लाख, हॉटेलं, व्यापाराचं सोंग, यातलं काहीच लागलं नसतं. हॉटेलांच्या जागी लेकीच्या घराचा पत्ता आला. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेसाठी तिच्या मुटरपासमधलं, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदवहीतलं, तारखेचं पान तेवढं जोडलं. तपासण्यांची बाकी पानं जोडायची गरज नव्हती. लेकीच्या आरोग्याची कागदपत्रं आहेत ती, कामापुरतीच बाहेर काढावीत.

नात्याच्या पुराव्यात एक अडचण आली. लेकीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईच्या नावापुढं "बाई" लागलेलं, काकूंच्या पासपोर्टवर ते नाही. आपल्याकडं हे घरोघरी आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड आणि लेकीचा जन्मदाखला यांवर ते भागलं. दोघांचीही जन्मतारीख 1 जून; त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

विम्याचा किमान आकडा 30,000 युरो आणि सगळ्या शेंगेन क्षेत्रात लागू, एवढी अट स्वस्तातली पॉलिसीही पूर्ण करते. पण काकांना रक्तदाब आहे. आधीपासूनच्या आजारातून तातडीची वेळ आली तर खर्च देणारी पॉलिसी निवडली, थोडे पैसे जास्त गेले. व्हिसा मिळण्याशी त्याचा संबंध नाही, तिकडं जाऊन दवाखान्यात जायची वेळ आली तर आहे. पासपोर्ट दोघांचेही नवे होते. ते दहा वर्षांच्या आत काढलेले, परतीनंतर किमान तीन महिने चालणारे आणि दोन कोरी पानं असलेले हवेत. फी माणशी 90 युरो, आणि नकार आला तर परत मिळत नाही. या घरानं ती दोनदा भरली.

पत्र

सोबतचं पत्र दीड पानाचं केलं. पहिल्या परिच्छेदात थेट लिहिलं : जुलै 2025 मध्ये आमचा अर्ज नाकारला गेला. त्या अर्जात आम्ही पर्यटन हा हेतू लिहिला होता. आमचा खरा हेतू लेकीच्या बाळंतपणाला जाणं हा आहे. त्या वेळी जोडलेलं आयकर विवरणपत्र चुकीचं होतं, ते सुधारलं आहे, पोच जोडली आहे. खात्यात भरलेली पाच लाखांची रक्कम नातेवाइकाची होती, ती परत केली आहे.

काका कचरले होते. "आपणच आपली चूक लिहून द्यायची?" जावयालाही ते धोक्याचं वाटलं. त्यांची भीती मला समजत होती. खोटा हेतू लिहिल्याची कबुली वाचून अधिकारी आणखी बिथरला असता तर? पण जुना अर्ज त्याच्या संगणकात होताच. दोन अर्ज, दोन वेगळ्या हकिकती, आणि मध्ये एक शब्दही नाही, हे त्याहून वाईट दिसलं असतं. काकांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी फोनवर सांगितलं, लिहा. पुढच्या परिच्छेदांत काकूंच्या तारखा, काकांच्या तारखा, प्रत्येक तारखेमागचं कारण आणि ते कारण सिद्ध करणारा कागद कितव्या पानावर आहे, एवढंच. "आम्ही प्रामाणिक आहोत", "कृपया दया करावी" असं एकही वाक्य ठेवलं नाही.

निकाल आणि पुढं

अर्ज ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या केंद्रात दिला. प्रवासाच्या 15 दिवस आधीपर्यंत अर्ज जायला हवा हा नियम काकूंच्या बाबतीत सांभाळला गेला, पण फार सवड उरली नव्हती. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. बाळंतपणासारख्या ठरलेल्या तारखेसाठी घरांनी ही मुभा वापरावी. पासपोर्ट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आले, आत व्हिसा. काकूंना 82 दिवस, काकांना 26. एकदाच प्रवेश.

स्टिकर वाचताना एक गोष्ट दोघांना समजावून सांगावी लागली. "पासून-पर्यंत" या तारखांमधलं अंतर मुक्कामाच्या दिवसांपेक्षा मोठं असतं, साधारण 15 दिवसांची मोकळीक धरलेली असते. ती प्रवास पुढं-मागं झाला तर सोय म्हणून आहे. राहायचे दिवस स्टिकरवर लिहिलेत तेवढेच. जावयाच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं शेवटची तारीख बघून तिकीट काढलं होतं आणि विमानतळावर त्यांची उलटतपासणी झाली होती. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमांवर येण्या-जाण्याची नोंद संगणकावर करणारी नवी यंत्रणा टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे, त्यामुळं दिवस मोजायचं काम आता यंत्रच करतं.

नात झाली. काका 29 ऑक्टोबरला परत आले, काकू 10 डिसेंबरला. आडसाली ऊस डिसेंबरअखेर गेला.

दोघांच्या शिक्क्यांच्या पानांच्या प्रती आणि बोर्डिंग पास काढून ठेवायला सांगितलं आहे. एप्रिल 2024 मध्ये युरोपियन आयोगानं भारतातल्या रहिवासी भारतीयांसाठी नियम सैल केला : तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणं वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. काकांचा पहिला झाला. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला दुसरा मागायचा आहे.

आता व्याही जायचं म्हणतात. ते सोलापूर जिल्ह्यातले, जिरायत शेती, ज्वारी आणि तूर. त्यांची जमीन अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, वारस नोंद झालेली नाही. तलाठ्याकडं अर्ज दिला आहे. फेरफार मंजूर झाल्याशिवाय फाईलला हात लावायचा नाही असं त्यांना कळवलं आहे.